घोडं पेंड खातंय तोवर बरं

घोड्याला ओकता येत नाही. निसर्गानं एवढं देखणं जनावर घडवलं, त्याच्या पायांत वारा भरला, आयाळीवर विशेष मेहनत घेतली, आणि अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे असं जबरदस्त कुलूप ठोकलं की खाली उतरलेला घास पुन्हा वर येण्याची सोयच राहिली नाही. कुत्री ओकतात, मांजरं ओकतात, खंडाळ्याच्या घाटात एसटीच्या खिडकीतून निम्मा महाराष्ट्र ओकलेला आहे. घोडा मात्र नाही. त्याला गाईसारखं रवंथही करता येत नाही, आणि पित्ताशय नावाची पिशवी तर देतानाच विसरली गेली. नको ते खाल्लं तर सोसायचं, नाहीतर आडवं व्हायचं. अशा प्राण्यानं खाण्याच्या बाबतीत किती जपून असायला हवं! पण मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे चौदा-पंधरा तास खातच असतो.

ही सगळी माहिती आमच्या इमारतीतल्या डॉक्टरांची. ते जनावरांचे डॉक्टर, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आता निवृत्त. निवृत्त माणसाला एक तरी काळजी लागते. कुणी देशाची करतो, कुणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची. डॉक्टर चरणाऱ्या घोड्यांची करतात. विषारी झाडं आणि त्यांची कोवळी रोपं यांपासून घोडा कसा वाचवावा, यावर ते सकाळी राणीच्या बागेत फिरायला येणाऱ्या कुणालाही गाठून बोलतात. भायखळ्यात कुरण नाही, चरणारा घोडा नाही, ही अडचण ते अडचण मानत नाहीत. देशाची काळजी करणाऱ्यांना तरी देश कुठे विचारायला येतो?

"पण डॉक्टर, इथे घोडा आहेच कुठे?" असं एकानं धीर करून विचारलं, तेव्हा त्यांनी काठी उचलून दाखवली. राणीच्या बागेत घोडा आहे. पुतळ्याचा आहे, पण आहे. हा तोच मूळचा काळा घोडा, ज्याच्या नावानं फोर्टातला तो सगळा भाग ओळखला जातो. 1875-76 च्या हिवाळ्यात इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी बोएम नावाच्या शिल्पकाराकडून हा पुतळा करवून घेतला आणि 1879 साली तो उभा राहिला. पाठीवर प्रत्यक्ष युवराज बसलेला असताना लोकांनी नाव घोड्याचं ठेवलं, हा मुंबईकरांचा न्याय मला फार आवडतो. 1965 साली पुतळा तिथून उचलून भायखळ्याला आणला. घोडा गेला तरी तिकडचं नाव काही जाईना, तेव्हा 2017 साली तिथे एक नवा घोडा उभा केला. या खेपेला पाठ रिकामी ठेवली, खोगीरभरती टाळली. आमचा जुना घोडा मात्र अजून युवराजाला पाठीवर घेऊन उभा आहे. त्याच बागेत पेंग्विनांना थंडगार घर, आणि ह्याला ऊन नि पाऊस. तरी विषबाधेच्या दृष्टीनं पाहिलं तर मुंबईतला सगळ्यात सुरक्षित घोडा हाच, असं डॉक्टर म्हणतात. 1862 सालची बाग, आसपास तीन हजारांवर झाडं, आणि हा एकाही पानाला तोंड लावत नाही.

जिवंत घोडे होते तेव्हा तेही इथेच होते. 1833 साली बेलासिस रोडवर भायखळा क्लब निघाला, आणि जवळच्या सखल माळावर साहेबलोक शर्यती लावत. पावसाळ्यात त्या माळावर पाणी साचायचं. आजही साचतं, फक्त आता त्यातून टॅक्सी कोण आधी काढतो याची शर्यत असते. 1883 पासून घोड्यांच्या शर्यती महालक्ष्मीला गेल्या. पलीकडे भेंडीबाजाराच्या अंगाला अरब सौदागरांचे तबेले होते, इराणच्या आखातातून गलबतांत बसून आलेले घोडे तिथे विकायला उभे असत. 9 मे 1874 रोजी मुंबईत ट्रॅम सुरू झाली तीही घोड्यांनीच ओढलेली. 1907 साली ट्रॅम विजेवर धावू लागली. व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्या तर होत्याच होत्या.

एवढ्या घोड्यांनी खायचं काय? शहरात गवताचा प्रश्न जुनाच आहे. सरकारनं कॅम्प मैदानावर गुरं चारायची फी लावली. गरिबांच्या गुरांना उपास घडू लागले, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी 1838 साली वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वाराच्या बाजूला समुद्राकाठचं गवताळ रान विकत घेतलं आणि तिथे गुरं फुकट चरू लागली. चर्नी रोड हे नाव त्यावरून पडलं असं सांगतात. आता चर्नी रोडला कळप दिसतो तो संध्याकाळी सहा वाजता, बोरिवली स्लोची वाट बघणारा. त्याला चरायला वडापाव असतो, आणि ओकायची मुभाही असते.

तात्पर्य, शहरातला घोडा चरत नव्हता, जेवत होता. हरभऱ्याची चंदी तोबऱ्यात घालून तोंडाला बांधायची, वर लसूणघास, आणि वाळलं गवत पेंढीनं विकत. मोतद्दार शेजारी उभा. अशा घोड्याच्या पोटात विषारी पाला जायचा तर मोतद्दाराला चुकवून जायला हवा, आणि जुने मोतद्दार बायकोला चुकवतील पण घोड्याच्या तोबऱ्याची वेळ चुकवणार नाहीत.

आज जे शिल्लक आहेत त्यांचंही तसंच. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या घोड्याचं जेवण वजन करून होतं आणि शर्यतीनंतर त्याची लघवी तपासली जाते. कुणी लाडानं चॉकलेट भरवलं तर त्यातलं थिओब्रोमिन उत्तेजक म्हणून सापडतं आणि मालक अडचणीत येतो. ज्याला चॉकलेट मिळत नाही त्याला धोतरा कोण देणार? व्हिक्टोरियांना 2015 साली उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवलं. 2021 साली त्याच घाटाच्या गाड्या बॅटरीवर आल्या. बॅटरी चरत नाही, लीद टाकत नाही, पण पोरांनी हाताळायला तिला नाकही नाही.

या सगळ्यांत डॉक्टरांचे खरे लाडके घोडे म्हणजे परळच्या हाफकिन संस्थेचे. ते राहतात पिंपरीला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष त्यांना अगदी थोडं थोडं, वाढवत वाढवत टोचतात. घोड्याचं रक्त त्यावर उतारा तयार करतं, मग ते रक्त काढून त्यातून सर्पदंशावरचं औषध बनतं. बांधावर पाय घसरून फुरशावर पडलेला कोकणातला माणूस वाचतो तो या घोड्यांच्या जिवावर. "आणि गंमत बघा," डॉक्टर काठीनं जमिनीवर रेघ ओढत म्हणतात, "चार चार सापांना पुरून उरलेला तो घोडा मूठभर कण्हेरीच्या पानांनी मरतो!" यात गंमत काय ते त्यांनाच ठाऊक, पण ते सांगतात मोठ्या उत्साहानं.

तर कण्हेर. मुंबईचं कण्हेरीवर भारी प्रेम. ती पाणी मागत नाही, धूर सोसते, बारा महिने फुलते, देवालाही चालते. आणि तिच्या अंगात नखशिखान्त विष आहे. पान, फूल, साल, मूळ, चीक, काहीही पोटात गेलं की हृदयाचे ठोके बेताल होतात, आणि घोड्याचं हृदय त्या बेतालावर फार काळ नाचत नाही. जुन्या वैद्यांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी कण्हेरीला अश्वमारक असंच नाव देऊन ठेवलं होतं. सूचना इतकी जुनी आहे, फक्त संस्कृतात आहे. इथे 'फुले तोडू नयेत' ही मराठीतली सूचना वाचणारा सापडत नाही, तिथे ही कोण वाचणार, आणि ज्याच्यासाठी लिहिली तो घोडा तर मुळीच नाही. तिची बहीण पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिचंही तेच. तिच्या बियांनी लहानपणी आमच्या गल्लीत डाव रंगायचे आणि आई लांबून ओरडायची, "हात धुऊन ये!" आईला अश्वमारक हा शब्द ठाऊक नव्हता, पण मुद्दा ठाऊक होता.

आता कुणी म्हणेल, घोडा काय इतका बावळट आहे? नाही. हिरवं कण्हेरीचं पान कडूजहर असतं. धडधाकट, खाऊनपिऊन सुखी घोडा त्याला तोंड लावतो, ओठ वर करून नापसंती दाखवतो आणि पुढे जातो. भानगड होते ती पान वाळल्यावर. वाळलं की कडूपणा कमी होतो, विष होत नाही. आणि पान वाळतं कधी? माळी छाटतो तेव्हा. छाटलेला पाला कुंपणापलीकडे फेकला, गवताच्या भाऱ्यात मिसळला, की संपलं. या ठिकाणी डॉक्टर थांबतात, आजूबाजूला बघतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "झाड घोड्यावर चालून जात नाही हो. झाडाला घोड्याच्या तोंडापर्यंत सुशोभीकरण नेतं."

सुशोभीकरण हा डॉक्टरांचा शत्रू नंबर एक. मलाही त्यात तथ्य दिसायला लागलं आहे. महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर का लावतात? समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडतो, पाणी कमी लागतं, आणि मुख्य म्हणजे गुरं खात नाहीत. गुरं का खात नाहीत? विषारी आहे म्हणून. म्हणजे जनावरांना विषारी आहे, हा तिचा गुण धरून आपण तिची निवड केली. मग तो गुण आपल्याला सांभाळता यायला हवा की नको? आपण काय करतो, तर पाहुणे येणार म्हणून ती कातरतो, कातरलेलं कोपऱ्यात लोटतो, आणि कोपरा हीच जनावराची जागा असते. सुंदर भाग माणसांचा, उरलेला जनावरांचा, ही वाटणी आपण फार पूर्वीपासून करून ठेवली आहे.

कण्हेर निदान दिसते तरी. रोपांचं काय? मुंबईत पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत जिथे मूठभर माती आहे तिथे काहीतरी उगवतं. भिंतीच्या भेगेत पिंपळ, गटाराच्या कडेला एरंड, रेल्वेच्या रुळांलगत एरंडाचे जवळपास बगीचेच. आमच्या पिढीला एरंड म्हणजे रविवारची सकाळ, नाक दाबून घेतलेलं तेल आणि पुढच्या दोन तासांची धावपळ. तेलात विष उतरत नाही म्हणून आम्ही वाचलो. बी मात्र भयंकर, आणि ते सोसण्याच्या बाबतीत सगळ्या पाळीव जनावरांत घोडा फारच कच्चा. आम्ही पोटाच्या तक्रारीवर ज्या झाडाचं तेल प्यालो त्याच झाडाचं बी खाऊन घोडा पोटदुखीनं तडफडतो. मग त्याला औषध म्हणून जे काय पाजतात ते पुन्हा आम्हाला आवडणार नाही अशाच चवीचं असतं.

श्रावणात दादरच्या बाजारात आदिवासी बायका टाकळ्याचे वाटे लावून बसतात. कोवळा टाकळा, वर खोबरं, थोडी चण्याची डाळ, आणि भाकरी. या टाकळ्याचा एक चुलतभाऊ आहे, कासविंदा. लहानपणी दोघे सारखेच दिसतात, तीच जोडीजोडीची पानं, तीच पिवळी फुलं येणार. पण कासविंदा, त्यातही त्याच्या बिया, घोड्याच्या स्नायूंची आणि यकृताची वाट लावतात. दादरच्या बायका पानाची टोकं बघून लांबूनच ओळखतात. घोड्यांसाठी गवत कापणारा माणूस ओळखेलच असं नाही, आणि गवत कापायच्या यंत्रानं तर कूळ बघायचा प्रश्नच येत नाही.

पण रोपांमध्ये मला खरी मौज वाटते ती सुबाभळीची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे झाड आपल्याकडे तारणहार म्हणून आलं. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेनं त्याचा मोठा प्रसार केला, आणि ते खोटं नव्हतं. भराभर वाढतं, जळण देतं, पाला गाईगुरांना चालतो. मात्र या पाल्यात मायमोसिन नावाचं एक द्रव्य आहे. घोड्यानं सुबाभूळ सतत खाल्ली तर तो मरत नाही सहसा. त्याची आयाळ झडते आणि शेपूट झडतं. डोळ्यांपुढे आणून बघा! घोडा ठणठणीत आहे, खिंकाळतो आहे, चौखूर धावतो आहे, आणि मागे माश्या वारायला शेपटाच्या जागी नुसतं एक दांडकं. ज्या बाजारात माणसांच्या केसांसाठी इतकी तेलं विकली जातात त्यात घोड्यांचा विचार कुणी केलेला नाही. गाईंचाही प्रश्न होता बरं का. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन गुरं आजारी पडायची, हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तीच खाऊन मजेत. संशोधकांनी शोध घेतला तर त्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जंतू सापडले. ऐंशीच्या दशकात ते जंतू समुद्रापार नेऊन ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि गुरं सुधारली. घोड्याला रवंथाचं पोटच नाही, त्यामुळे त्याला हे पाहुणे ठेवून घेता येत नाहीत. शेळीचं पोट ही त्रैलोक्यातली एक मोठी संस्था आहे. बकरी ईदच्या आधी आमच्या भागात गल्लोगल्ली शेळ्या-बोकड बांधलेले असतात. एकदा एकानं माझ्या हातातली विजेच्या बिलाची पावती खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तो पूर्ववत होता. पावती मात्र मला पुन्हा काढावी लागली.

युरोपात हाच घोर निराळ्या झाडानं लावला आहे. तिथल्या सायकामोर मेपलचं पंखवालं बी शरद ऋतूत भिंगरीसारखं गरगरत कुरणात उतरतं, आणि वसंतात त्याची हजारो रोपं गवतात डोकं वर काढतात. कित्येक वर्षं दर हंगामात चरणारे घोडे एकाएकी ताठरायचे, त्यांची लघवी काळपट व्हायची आणि बहुतेक दोन-तीन दिवसांत दगावायचे. कारण कळेना. 2013-14 च्या सुमाराला छडा लागला, की त्या बियांत आणि रोपांत हायपोग्लिसिन नावाचं विष असतं. ते स्नायूंना चरबीतून शक्ती मिळूच देत नाही. बरं, रोपं कापून टाकावीत तर कापलेल्या रोपातही विष राहतंच. म्हणून तिकडचे घोडेवाले झाडाखालचा भाग कुंपण घालून बंद करतात, रोपं हातानं उपटतात, आणि बिया तर चक्क व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घेतात. हे ऐकून आमच्याकडच्या एका बाईंनी हात जोडले. "आमच्या ह्यांना दिवाणखान्यात फिरवायला जमत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तिकडे शेत झाडतात!"

हे विष आपल्यापासून फार लांबचं नाही. लिचीच्या कुळातलंच ते. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला वर्षानुवर्षं उन्हाळ्यात लहान मुलं पहाटे झटके येऊन दगावत होती, आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिचीतलं हायपोग्लिसिन आणि त्याचं एक भावंड यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. पण लिची तर सगळेच खातात. दगावली ती मुलं बहुतेक कुपोषित, आणि रात्री न जेवता झोपलेली. डॉक्टर हे सांगतात तेव्हा काठी जमिनीवर टेकलेली असते आणि रेघा ओढायची थांबलेली असते. घोड्याचंही तेच. भरल्या पोटाचा घोडा शंभरातल्या नव्व्याण्णव विषारी पानांना ओळखून टाळतो. उपाशी घोडा, गवत संपलेल्या वावरात कोंडलेला घोडा, तासन्‌तास बांधून ठेवलेला घोडा पुढ्यात येईल ते ओरबाडतो. तेव्हा झाडं ओळखा, रोपं उपटा, कुंपण घाला, छाटलेलं उचलून न्या, हे सगळं करायचंच, पण सगळ्यात आधी तोबरा भरा. घोडं कुठे पेंड खातंय, असं आपण काम अडलं की विचारतो. डॉक्टरांच्या मते घोडं पेंड खात असेल तर काम अडलेलं नसून व्यवस्थित चाललेलं आहे.

एवढं ज्ञान असलेला माणूस गप्प कसा बसणार? गेल्या पावसाळ्यात त्यांनी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव मांडला, की आवारात मागच्या बाजूला सुबाभळीची रोपं आली आहेत, ती वीतभर आहेत तोवर उपटावीत. अध्यक्षांनी विचारलं, आपल्या आवारात घोडा येणार आहे का? डॉक्टर म्हणाले, आज नाही. मग सचिवांनी मुद्दा काढला, की रोप उपटायला हरकत नाही, पण त्याला झाड म्हणायचं की रोप हे आधी ठरवावं. झाडांसाठी 1975 सालचा कायदा आहे आणि विनापरवाना झाड तोडलं तर सोसायटी गोत्यात येईल. ही शंका लेखी नोंदवावी असं ठरलं. लेखी नोंदीवर उपसमिती नेमली. उपसमितीतल्या एकाचं म्हणणं पडलं, की त्या जागेत पार्किंग करावं. दुसरा म्हणाला सुशोभीकरण करू, कण्हेर लावू, तिला पाणी लागत नाही. कागदी घोडे असे चौखूर उधळले, आणि कागदी घोड्यांना सुबाभूळ बाधत नाही. दिवाळीत इतिवृत्त मंजूर होईपर्यंत रोपं पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागली होती, आणि आता ती निर्विवाद झाडं होती. सचिव म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो?

यानंतर डॉक्टर काही दिवस बागेत एकटेच फिरत. पण मार्गशीर्षात त्यांना एक जिवंत घोडा मिळाला. आमच्याच इमारतीतल्या मुलाचं लग्न, हॉल दहा मिनिटांवर, तरी वरात घोड्यावरूनच निघणार असं मुलाच्या मामांनी जाहीर केलेलं. आम्ही हॉलच्या फाटकाशी पोचलो तर घोडी सजून उभी. पांढरीशुभ्र, पाठीवर जरीची झूल, कपाळावर तुरा. आणि तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर, फाटकाच्या दोन्ही बाजूंना, सुशोभीकरणाच्या दोन मोठ्या कुंड्या. त्यांत गुलाबी फुलांनी लगडलेली कण्हेर. ताजी छाटलेली. कातरलेला पाला कुंडीच्या पायाशीच पडलेला आणि दोन दिवसांच्या उन्हानं छान वाळलेला.

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की नवरदेवाचाही उजळला नसेल. आयुष्यभराची विद्या समोर प्रत्यक्ष उभी. त्यांनी मामांना गाठलं. "ह्या कुंड्या ताबडतोब हलवा."

"कुंड्या हॉलवाल्यांच्या," मामा म्हणाले. "घोडी आपली आहे, म्हणजे भाड्याची आहे. हलवायचं तर घोडी हलवू."

हॉलचा व्यवस्थापक आला. तो म्हणाला, घोडी फाटकापासून हलवता येणार नाही, तिकडे केटररचा टेम्पो लागायचा आहे. डॉक्टरांनी त्याला हृदयाच्या ठोक्यांबद्दल सांगितलं. त्याला वाटलं डॉक्टरांना त्रास होतोय, त्यानं खुर्ची मागवली. मामांनी मुहूर्त काढला, नवरदेवाच्या आत्यानं घड्याळ काढलं, बँडवाल्यांनी या गडबडीला वेळ झाली असं समजून एकदम वाजवायला सुरुवात केली. डॉक्टर त्या गजरात ओरडून "अश्वमारक! अश्वमारक!" असं सांगत होते आणि दोन पाहुण्यांनी अक्षता टाकल्या.

घोडीवाले चाचा हे सगळं भिंतीला टेकून बघत होते. नागपाड्याचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. ते पुढे आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, आप मत घबराव. तिनं सकाळपासून दोन वेळा चंदी खाल्लीय. ये पत्ती को वो सूंघेगी भी नहीं. माझं विचाराल तर मी सकाळपासून चहावर आहे."

मग त्यांनी वाकून घोडीजवळची कुंडी उचलली आणि चार पावलं पलीकडे, बँडच्या ट्रॉलीमागे नेऊन ठेवली. पायानं वाळला पालाही लोटला. डॉक्टर खुर्चीवर बसले. इतक्यात हॉलचा रखवालदार धावत आला. त्यानं कुंडी उचलून पुन्हा फाटकाशी आणली. जोडी तुटलेली फोटोत वाईट दिसते, असं त्याला सांगून ठेवलेलं होतं. चाचांनी ती परत नेली. त्यानं परत आणली. आत कुणीतरी चाचांसाठी पुऱ्या आणि श्रीखंड वाढलेलं ताट घेऊन आलं, ते चाचांनी डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातानं कुंडीचा काठ. रखवालदारानं दुसरा काठ धरला. नवरदेव घोडीवर चढला तेव्हा दोघे कुंडीसकट मधोमध उभे होते, आणि लग्नाच्या व्हिडिओत ते तसेच आले आहेत.